चरावरचा लाल भंडारा

१

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास नगरपालिकेत बातमी आली की गावाबाहेरच्या चराला रक्त आलं.

मी तेव्हा आरोग्य खात्याचा हेडक्लार्क होतो. नाव शामकांत, पण गाव मला भाऊसाहेब म्हणायचं. साल १९७३, महिना फेब्रुवारी, दुष्काळ ऐन भरात. गावाचं नाव लिहीत नाही. नगरहून श्रीगोंद्याकडे जाताना लागतं, तालुका नाही, पण तोरा तालुक्याचा आहे, एवढं सांगितलं तरी आमच्याकडची माणसं ओळखतील.

बातमी आली तेव्हा मी खुशीत होतो. शनिवारी पुण्याहून मोठे साहेब दुष्काळी कामं पाहायला येऊन गेले होते. त्यांच्यासाठी आम्ही गाव ओळखू येणार नाही असं केलं होतं. झाडांच्या बुंध्यांना गेरू, रस्त्यांना आणि गटारींना पांढरीशुभ्र फक्की, शाळेसमोर कमान. जाताना साहेब म्हणाले, "गाव स्वच्छ ठेवलंय हं." तीन दिवस मी ते वाक्य जिभेवर घोळवत होतो.

चर म्हणजे काय ते आधी सांगतो. गावातल्या सगळ्या गटारींचं पाणी एका नाल्याने गावाबाहेर जातं. तिथे सरकारने प्रयोग म्हणून एक लांबट गोल चर बांधून दिला होता. त्यात विजेवर फिरणारा लोखंडी दातांचा आडवा रूळ. तो रात्रंदिवस पाणी ढवळायचा, उडवायचा. चार-पाच दिवस ते पाणी गोल गोल फिरायचं, मग शेजारच्या हौदात गाळ खाली बसायचा आणि वरचं नितळ पाणी घासाच्या वावरात जायचं. तो घास गुरांच्या छावणीला. गटारीचं पाणी नितळ कसं होतं, हे नगरपालिकेत कोणालाही माहीत नव्हतं. मला तर जाणून घ्यायचंही नव्हतं. मी भिक्षुकी करणाऱ्या घरातला. चरावर जायची वेळ आलीच तर नाकाला रुमाल लावून जायचं, लांबून सही करायची आणि घरी येऊन आंघोळ करायची, असा माझा शिरस्ता.

त्या दिवशीही रुमाल लावूनच गेलो. पन्नासएक माणसं जमली होती. जिथे नाल्याचं पाणी चरात पडतं तिथे एक सपाट दगड आहे. चर सांभाळणारा सहादेव रोज नऊ वाजता, आंघोळ झाली की त्या दगडावर खंडोबाचं नाव घेऊन चिमूटभर भंडारा वाहायचा. त्या दिवशीही वाहिला. हातातून पडताना भंडारा पिवळा होता. ओल्या दगडाला लागला आणि बघता बघता लाल झाला.

मी स्वतः पाहिलं. दगडावरून लाल ओघळ पाण्यात उतरला होता. आणि चराचं पाणी, जे एरवी काढ्यासारखं तपकिरी असायचं, ते पांढुरकं पडलं होतं.

"देव कोपला," कोणी म्हणालं. "कोपंल न्हाई तर काय, मोटार बंद करून झोपला आसंल ह्यो," दुसरा म्हणाला.

सहादेव पाण्याकडे बघत उभा होता. माझ्याकडे पाहून तो हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, समदं मेलं."

"काय मेलं?"

"आतलं समदं. चर मेला."

२

दुपारपर्यंत वास सुटला. संध्याकाळी घासाच्या वावरातलं पाणी बंद करावं लागलं. मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "शुक्रवारी त्या माणसाला कमी करायचा हुकूम तयार ठेवा. कारण लिहा, कामात हयगय."

मी लिहिला. माझं अक्षर सुरेख आहे. सहादेवचं नाव, हुद्दा, कारण, सगळं एका दमात उतरलं. फक्त साहेबांची सही बाकी राहिली.

हुकूम लिहिताना मला सगळं ठाऊक होतं. सहादेवच्या विहिरीला दोन वर्षं पाणी नव्हतं. त्याची बैलजोडी छावणीत होती. डाव्या हाताची दोन बोटं मळणी यंत्रात गेलेली, त्यामुळे खडी फोडायच्या कामावर मुकादम त्याला उभा करत नव्हता. चराची नोकरी गेली की त्याला आणि त्याच्या बायकोला, साळूबाईला, गाव सोडण्यावाचून दुसरं काही उरत नव्हतं. तरी लिहिला. माझं काम लिहिण्याचं, असं मी मनाला सांगितलं.

बुधवारी अकराच्या एसटीने दमयंतीबाई आल्या.

त्या नगरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. चाळिशीच्या, काटक, नऊवारी नेसायच्या नाहीत म्हणून गावात थोडी कुजबुज असलेल्या. वर्षभर दर बुधवारी त्या लाकडी पेटीत सूक्ष्मदर्शक घेऊन यायच्या, चराचे थेंब तपासायच्या आणि वहीत आकडे मांडायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "खानेसुमारी." सरकारची खानेसुमारी दोन वर्षांपूर्वीच उरकली होती. बाईंची संपत नव्हती, म्हणून आम्ही कचेरीत हसायचो.

मी त्यांना चरावर घेऊन गेलो. सहादेवच्या खोलीत त्यांनी पेटी उघडली, काचेवर थेंब घेतला आणि नळीला डोळा लावला.  मग दुसरा थेंब घेतला. तिसरा. चौथ्यानंतर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"शामकांतराव, मागच्या बुधवारी या पाण्याच्या एका थेंबात मी चाळीस जणांची नोंद केली होती. आज एकही जिवंत नाही."

"हवा बंद झाली असेल. सहादेवने मोटार..."

"हवा बंद झाली असती तर पाणी काळं पडलं असतं आणि कुजक्या अंड्याचा वास आला असता. शिवाय गुदमरून मरायला वेळ लागतो, काही जण तगतातही. हे सगळे एकदम मेलेत. काही तर घास तोंडात असताना."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"कोणीतरी विष घातलंय."

३

"शेवटचं जिवंत कधी पाहिलंस?" बाईंनी सहादेवला विचारलं.

सहादेवने फळीकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या दोन बरण्या होत्या. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तो चराचं पाणी बरणीत भरायचा, अर्धा तास ठेवायचा आणि गाळ किती बसला त्याची खडूने रेघ मारायचा. हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं. त्या गडबडीत मंगळवारी सकाळची बरणी तशीच राहिली होती.

बाईंनी तिच्यातला थेंब घेतला. "अर्धमेले आहेत, पण आहेत. म्हणजे मंगळवारी सहाला चर जिवंत होता. आणि भंडारा लाल कधी झाला?"

"नऊला."

"मधे रूळ थांबला होता?"

"न्हाई बाई. थांबला तर आवाज तुटतो. झोपंत सुदिक कळतं मला."

"म्हणजे सहा ते नऊ," बाई म्हणाल्या. "त्या वेळात इथे कोण होतं?"

"म्या एकलाच."

बाईंनी मान हलवली. माझ्या मनात आलं, झालं, स्वतःच्या तोंडाने अडकला. तरीही सबळ पुरावा हवा म्हणून मी खोलीत नजर फिरवू लागलो. कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी होतं. सहादेवने माझी नजर पाहिली आणि चटकन मधे उभा राहिला.

"ते काय आहे?"

"काय न्हाई भाऊसाहेब. आसंच."

मी गोणपाट उचललं. खाली मातीचा मोठा डेरा होता, वर झाकण. झाकण काढलं तर आत चराचं पाणी. पांढुरकं नाही, पहिल्यासारखं तपकिरी, जिवंत. काठाला ताक घुसळायची रवी टेकवून ठेवलेली.

सगळा चर मेला होता आणि या माणसाने थोडासा आधीच बाजूला काढून, लपवून, वाचवून ठेवला होता. चर मरणार हे त्याला ठाऊक असल्याशिवाय तो असं का करेल? मी बाईंकडे पाहिलं. त्याही सहादेवकडेच पाहत होत्या.

४

"बोल," मी म्हणालो.

सहादेवने मान खाली घातली. त्याचे कान तांबडे झाले होते. गुन्हेगार मी कचेरीत पुष्कळ पाहिलेत. हा तसा दिसत नव्हता. त्याला लाज वाटत होती.

"बाईंनी मागं सांगितलं हुतं," तो म्हणाला, "का ह्यो गाळ म्हंजी घान न्हाई, इरजन हाय. जुना गाळ हाय म्हनून नवं पानी नितळ हुतं. मंग मला वाटलं, इरजन हाय तर थोडं बाजूला पायजे. आमच्या घरात साळूबाई समदं दही कधी वाढत न्हाई. चमचाभर तरी मडक्याला ठिवती. घरातलं इरजन सपू देत न्हाईत, भाऊसाहेब."

"आणि ही रवी?"

"हवा लागती त्यास्नी. सकाळ-संध्याकाळ घुसळतो. नाल्यातलं पानी तांब्याभर घालतो, खायाला." त्याने माझ्याकडे पाहिलं. "लोकं हसतील म्हनून झाकून ठिवलं हुतं. सात म्हैने झाले."

 दमयंतीबाईंनी डेऱ्यातला एक थेंब काचेवर घेतला, नळी जुळवली आणि मला म्हणाल्या, "या."

"मी?"

"तुम्हीच. रुमाल खिशात ठेवा. काचेला वास नसतो."

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग हळूहळू तपकिरी कापसाच्या बोंडांसारखे पुंजके दिसू लागले. एकेका पुंजक्यात लाखो जंतू गुंतलेले असतात, बाई सांगत होत्या, गटारीतली सगळी घाण तेच खातात. आणि त्या पुंजक्यांवर देठ उगवले होते. प्रत्येक देठाच्या टोकाला पारदर्शक घंटा. घंटेच्या तोंडाशी बारीक केसांचं कडं भिरभिरत होतं आणि आजूबाजूचं पाणी त्या तोंडात ओढलं जात होतं. मी श्वास सोडला, टेबल हललं असावं. एका क्षणात सगळे देठ गुंडाळले गेले, घंटा मिटल्या. मग एक एक करून पुन्हा सावकाश उलगडल्या.

"यांना मी घंटीजीव म्हणते," बाई म्हणाल्या. "आता डावीकडे बघा. दोन चाकं फिरताना दिसतील."

दिसली. काचेसारखं अंग, आतलं पोट चालताना दिसत होतं, डोक्यावर दोन चाकं गरगरत होती. तो प्राणी पुंजक्यातून वाट काढत, इकडेतिकडे सुटे फिरणारे जंतू गिळत चालला होता.

मी किती वेळ पाहिलं मला आठवत नाही. पन्नास वर्षांचा माणूस मी, देवळातल्या गाभाऱ्यात कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तिथे आलं. गाव रोज सकाळी जे टाकून देत होतं आणि ज्याच्याकडे मी आयुष्यभर पाठ फिरवली होती, ते हे मुके जीव खात होते आणि पाणी करून परत देत होते. त्यांना कोणी पगार दिला नव्हता की हुकूम काढला नव्हता. आणि असं अख्खं गाव, आमच्या गावाच्या कैक पट मोठं, काल सकाळी सहा आणि नऊच्या मधे मेलं होतं.

मी उठलो तेव्हा बाई बाहेर दगडापाशी बसल्या होत्या.

"शामकांतराव, तुम्ही तंबाखू खाता ना? चुन्याची डबी द्या."

मी दिली. त्यांनी सहादेवकडून तळहातावर भंडारा घेतला, भंडारा म्हणजे हळदच, त्यात बोटभर चुना आणि दोन थेंब पाणी घालून चोळला. तळहात लालभडक झाला.

"आमच्या आईचं कुंकू असंच व्हायचं," त्या म्हणाल्या. मग दगडावरची पांढरी पापडी नखाने खरवडून दाखवली. "हे रक्त नाही. हा चुना आहे. एवढा चुना चरात आला की आतलं एकही जगणार नाही."

मला हायसं वाटलं. कारण गावात चुन्याची भट्टी एकच होती.

५

भट्टी छगनची. चराच्या वरच्या अंगाला, नाल्याला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. आणि छगनचं सहादेवशी वाकडं होतं. चुना विझवायला त्याला चराचं नितळ पाणी हवं होतं आणि ते घासाचं आहे म्हणून सहादेवने दिलं नव्हतं. दोघांची गावासमोर हमरीतुमरी झालेली. मला तर खटला संपल्यातच जमा वाटला.

छगन भट्टीपाशी विडी ओढत बसला होता. भट्टी थंड होती.

"व्हय, भांडलो," तो म्हणाला. "म्हनून काय चुना नाल्यात वतीन? एक खडा भाजायला काय पडतं, ठावं हाय का बाई? आन् वतायला हाय कुठं माझ्याकडं? शुक्रवारपासनं हितं चिमूटभर माल न्हाई. समदा एकदम उचलला गेला."

"कोणी उचलला?" बाईंनी विचारलं.

छगनने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "भाऊसाहेबांस्नी इचारा की."

मला त्याचा उर्मटपणा आवडला नाही. उत्तर टाळतोय, असं मी परत येताना बाईंना म्हणालो.  ओढा नाल्याला मिळतो तिथे त्या थांबल्या आणि ओढ्यात उतरल्या. मातीला भेगा पडल्या होत्या.

तिथून हाकेच्या अंतरावर, नाल्याच्या गावाकडच्या बाजूला, कडूबाईचा गोठा होता. एक म्हैस छावणीत न देता तिने घरीच ठेवली होती. बाईंनी तिला विचारलं, मंगळवारी सकाळी काही वेगळं दिसलं का?

"दिसलं की," कडूबाई म्हणाली. "आठाच्या सुमाराला नाल्याला ताक वाहत हुतं. पांढरंफट. म्हशीनं तोंड लावलं न्हाई."

"कुठून येत होतं?"

"वरनं. गावाकडनं."

"भट्टीच्या ओढ्यातून नाही?"

"त्यो वढा तर माझ्या खालतीच मिळतो. त्यातलं हितं वर कसं यील? आन् त्यो कोरडा ठाक हाय, दिवाळीपासनं."

छगन सुटला. मला ते मुळीच आवडलं नाही. बाई मात्र कडूबाईशेजारी दगडावर बसल्या.

"त्या आधी नाल्याला पाणी होतं का? सोमवारी, रविवारी?"

"कुठलं वो? नळालाच पानी न्हाई तर नाल्याला कुठनं? चौथ्या दिवशी नळ येतो. मागल्या शुक्रवारी आल्ता, मंग मंगळवारी, सकाळी सा वाजता. समद्या गावानं एकदम धुनी-भांडी काढली. तवा कुठं नाला वाहिला."

बाई उठल्या. पदराने त्यांनी कपाळ टिपलं.

"शामकांतराव, तुमच्या कचेरीत चला. मला शुक्रवारची फाईल पाहायची आहे."

६

 कचेरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गटारी मी जन्मात पहिल्यांदाच नीट पाहिल्या. शनिवारी त्या पांढऱ्याशुभ्र होत्या. आता धुऊन निघाल्या होत्या. मंगळवारच्या पाण्याने सगळं नेलं होतं.

फाईल मीच काढून दिली. वरचाच कागद. माझंच सुरेख अक्षर.

'माननीय साहेबांच्या भेटीनिमित्त गावातील सर्व रस्त्यांच्या व गटारींच्या कडेने, तसेच गटारींच्या आतील बाजूस, फक्की सढळ हाताने मारण्यात यावी. फक्की पोती चाळीस, स्थानिक भट्टीवरून उचलावीत.'

"दरवर्षी किती लागतात?" बाईंनी विचारलं.

"दहा. बारा."

"आणि आतल्या बाजूला?"

"कधीच मारत नाही. ते... ते मी घातलं. साहेबांना वास यायला नको म्हणून." मी फाईल उगाच सरळ केली. "चुन्याची फक्की म्हणजे स्वच्छताच ना, बाई. दरवर्षी मारतो. कधी काही झालं नाही."

"दरवर्षी नळाला रोज पाणी असतं. थोडी थोडी वाहून जाते, पाण्यात विरते. या वेळी शनिवारपासून तीन दिवस ती गटारीत कोरडी पडून राहिली आणि मंगळवारी एका तासात चाळीस पोती चराकडे निघाली. आपण मंगळवारचा मारेकरी शोधत होतो. विष शनिवारीच घातलं होतं. सगळ्या गावासमोर, झेंडे लावून."

मी खुर्चीत बसलो. शेजारच्याच फाईलमध्ये सहादेवचा हुकूम होता. तेच अक्षर.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?" मी विचारलं. असं विचारल्याची मला आजही लाज वाटते.

"तुम्हाला आणि मला. छगनला अर्धं." त्यांनी पेटीचे बंद आवळले. "माझ्या वहीत मला कारण लिहायचं आहे. 'चुना' एवढं लिहिलं तरी माझं काम भागतं. तुमच्या कागदावर काय लिहायचं ते तुम्ही बघा. साडेपाचची एसटी आहे माझी."

त्या गेल्या. शुक्रवारच्या फायली बाइंडिंगला गेल्या की वर्षभर कोणी पाहत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. कागद काढून घ्यायला एक मिनिटही लागलं नसतं. मी त्याच्या टाचणीवर बोट ठेवून बसलो. डोळे मिटले की त्या घंटा दिसायच्या. मिटायच्या, उलगडायच्या.

७

शुक्रवारी मी मुख्याधिकारी साहेबांपुढे दोन कागद ठेवले. एक माझा फक्कीचा हुकूम. दुसरा कामात हयगय झाल्याचा. त्यातलं सहादेवचं नाव खोडून मी माझं लिहिलं होतं.

साहेबांनी दोन्ही वाचले आणि दार लावून घ्यायला सांगितलं. "भाऊसाहेब, शनिवारचं कौतुक अजून ताजं आहे. चुन्याने गटार मेली, हे वर कोण ऐकून घेईल? अज्ञात कारण लिहा. त्या माणसाला दोन महिन्यांनी पुन्हा घेऊ."

"दोन महिने तो खाईल काय?"

"तुम्हाला तुमची नोकरी नको आहे का?"

"हवी आहे," मी म्हणालो. "पण कागद हाच."

 शेवटी माझी वेतनवाढ थांबली, सेवापुस्तकात तांबड्या शाईत शेरा पडला आणि एक शिक्षा साहेबांनी खास माझ्यासाठी शोधून काढली. चर पूर्ववत होईपर्यंत मी रोज सकाळी तिथे हजर राहायचं. माझा रुमाल साहेबांनाही माहीत होता.

सहादेवला मीच जाऊन सांगितलं. तो रुळाच्या दातांतला केरकचरा काढत होता. ऐकून तो काम करतच राहिला. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"तुमी तरी काय," तो म्हणाला, "चांगलं दिसावं म्हनूनच केलं." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "मला इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. चार सालं झाली हितं. अजून कुनी कधी काय इचारलंच न्हाई."



चुन्याचं पाणी उपसून पडीक खड्ड्यात सोडलं. मग डेरा उचलायची वेळ आली. सहादेवच्या एका हातात जोर कमी, म्हणून दुसरी बाजू मी धरली. पायऱ्या उतरताना डेरा हिंदकळला आणि ते तपकिरी पाणी माझ्या धोतरावर, पायांवर, हातांवर सांडलं. मी थांबलो नाही. त्यातला एक थेंबही वाया जाऊ नये एवढंच मनात होतं. निवळायच्या हौदाच्या कोपऱ्यात आम्ही ते ओतलं, वाटीभर दुधात विरजण घालावं तसं, आणि नाल्याचं पाणी बेताबेताने सोडलं. पहिले आठ दिवस सहादेव आणि मी बांबूने आळीपाळीने घुसळत होतो. मग चराचा चौथा भाग भरला, मग अर्धा. नळाच्या दिवशी आलेलं पाणी अडवून चार दिवस पुरवायचं, हे सहादेवने शोधून काढलं. मी त्याला विचारलं होतं.

बाई दर बुधवारी आल्या. पहिल्या बुधवारी पुंजके नव्हते. दुसऱ्या बुधवारी पाणी नुसतं गढूळ होतं आणि बाईंनी वही मिटली तेव्हा सहादेव बाहेर जाऊन उभा राहिला. तिसऱ्या बुधवारी बारीक पुंजके दिसले. चौथ्या बुधवारी बाई सकाळच्या पहिल्याच एसटीने आल्या आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"आज खानेसुमारी तुम्ही करा."

मी डोळा लावला. तपकिरी पुंजके होते, दाट, गुंतलेले. मी काच तसूतसूने सरकवत गेलो. काही नाही. आणखी सरकवली. एका पुंजक्याच्या कडेला एक देठ होता, एकटाच, आणि टोकाला घंटा. मी टेबलाला हलकेच बोट लावलं. ती मिटली. मी श्वास धरून थांबलो. ती उलगडली.

"एक," मी म्हणालो आणि बाईंच्या वहीत तो आकडा मांडला.

नऊ वाजत आले होते. सहादेवने आधी डेरा चराच्या पाण्याने भरून घेतला, रवी फिरवली, झाकण ठेवलं. वर गोणपाट मात्र झाकलं नाही. मग आंघोळ करून तो दगडापाशी आला आणि भंडाऱ्याची पिशवी माझ्यापुढे धरली.

"आज तुमी वाहा, भाऊसाहेब."

मी चिमूट घेतली.  ओल्या दगडावर भंडारा पडला, पाण्याला लागला, पसरला. आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. रूळ फिरत होता, त्याचे तुषार आमच्या तोंडावर उडत होते. पाणी दगडावरून वाहत होतं आणि भंडारा पिवळा होता. बऱ्याच वेळाने सहादेवने येळकोट म्हटला. भंडारा तेव्हाही पिवळाच होता.